सूर्य नाशिकच्या अलीकडे आणून ठेवणाऱ्यांस खुले पत्र

आदरणीय सर,

तुमचे नाव मला ठाऊक नाही. मुखपृष्ठावर 'अनुभवी प्राध्यापकांचा चमू' एवढेच छापले आहे, आणि आत ना फोन नंबर ना पत्ता. म्हणून हे पत्र उघड्यावर लिहितो आहे. तुमचा सामान्य विज्ञानाचा प्रश्नसंच खान्देशातल्या आमच्या शिंदखेड्यात पोलीस भरती आणि तलाठी परीक्षेची तयारी करणाऱ्या पोरापोरींच्या हातात आहे. दिवसभर शेतात किंवा दुकानात काम करून ती संध्याकाळी अभ्यासिकेत बसतात आणि तुम्ही छापलेले जसेच्या तसे पाठ करतात. त्यांनी तुमच्यावर विश्वास टाकला. तुम्ही त्याचे काय केलेत ते आता आकड्यांत सांगतो.

'अंतराची एकके' हे प्रकरण काढा. 'एक प्रकाशवर्ष = ९.४६ × १०१२ किमी.' सर, इथे दहाचा बारावा घात हवा होता. दहाच्या डोक्यावर बारीक अक्षरात बसणारा बारा टाइप करताना खाली घसरला, दहाला चिकटला आणि एक हजार बारा झाला. तुम्ही वाचलेत, छापलेत, विकलेत. गुणाकार मात्र कोणीच केला नाही. तो मी करतो. ९.४६ गुणिले १०१२ म्हणजे साधारण ९,५७४ किलोमीटर. पृथ्वीचा व्यासच १२,७४२ किलोमीटर आहे. तुमचे प्रकाशवर्ष पृथ्वीच्या पोटातच संपते!

सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा प्रॉक्झिमा सेंटॉरी, ४.२४ प्रकाशवर्षांवर. तुमच्या हिशोबाने तो साडेचाळीस हजार किलोमीटरवर आला. टीव्हीचे उपग्रह जमिनीपासून ३५,७८६ किलोमीटर उंचीवर फिरतात, म्हणजे तारा त्यांच्या शेजारी येऊन बसला. आणि ३,८४,४०० किलोमीटरवरचा चंद्र त्या ताऱ्याच्याही कितीतरी पलीकडे गेला. खालच्या ओळीत खगोलीय एकक आहे: '१.४९६ × १०८ किमी'. इथेही दहाचा आठवा घात घसरून एकशे आठ झाला. उत्तर येते साधारण १६२ किलोमीटर. शिंदखेड्याहून सरळ रेषेत मोजले तर नाशिक याहून लांब आहे आणि सुरत त्याहूनही लांब. तुम्ही आमच्या मुलांसाठी सूर्य नाशिकच्या अलीकडे आणून ठेवलात, सर. हे वाचून चटका बसायला हवा होता तो तुम्हाला.

छपाईची चूक म्हणून सोडूनही दिले असते. पण चार पानांनंतर तुम्हीच विचारता, 'प्रकाशवर्ष हे कशाचे एकक आहे?' आणि उत्तरसूचीत लिहिता, 'काल'. ही छपाईची चूक नव्हे. आमच्याकडे कुणी धुळे किती लांब म्हणून विचारले की लोक सांगतात, एस.टी.नं तास-सव्वा तास. ऐकणाऱ्याला अंतर कळते, कारण गाडीचा वेग सगळ्यांना माहीत असतो. प्रकाशाचा वेगही माहीत आहे, सेकंदाला २,९९,७९२.४५८ किलोमीटर. त्या वेगाने चंद्र सव्वा सेकंदावर, सूर्य ८ मिनिटे १९ सेकंदांवर आणि वर्षभरात प्रकाश जेवढे कापतो ते प्रकाशवर्ष. आठवीच्या मुलीला दोन मिनिटांत समजते. तुम्ही समजावायच्या फंदातच पडला नाहीत, चार पर्याय टाकून मोकळे झालात.

खान्देशात हे पुस्तक विकताना निदान या मातीची लाज बाळगायची. चाळीसगावजवळ पाटणादेवीच्या डोंगरांच्या पायथ्याशी पाटण आहे. तिथला १२०७ सालचा शिलालेख भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात प्रकाशात आणला. गणिती भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला, त्याला मिळालेल्या दानाचा तो लेख. त्याचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे आणि त्यात बाजारातल्या मालावरचा, घाण्याच्या तेलावरचा वाटा मठाला लावून दिला आहे. त्यात आणखी एक अट आहे: इथे जे मोजायचे ते मठाच्या मापाने मोजावे. आठशे वर्षांपूर्वी गणित शिकवणाऱ्या घराच्या मापावर बाजाराने विसंबावे, अशी ती व्यवस्था. आज मुले तुमच्या मापावर विसंबली आहेत.

त्या मठात जे शिकवायचे त्यातली 'लीलावती' उघडून पाहा. बेरीज शिकवण्याआधी भास्कराचार्य मापे सांगतात. आठ यव म्हणजे एक अंगुळ, चोवीस अंगुळे म्हणजे हात, चार हात म्हणजे दंड, दोन हजार दंड म्हणजे कोस, चार कोस म्हणजे योजन. शेतातल्या जवाच्या दाण्यापासून निघून पाच पायऱ्यांत माणूस आकाशाच्या मापापर्यंत पोचतो. एका योजनात ६१,४४,००० यव. मग योजनांतच त्यांचा 'सिद्धान्तशिरोमणी' हा ग्रंथ पृथ्वीचा घेर ४,९६७ आणि चंद्राचे अंतर ५१,५६६ सांगतो.

हात दीड फुटाचा धरला तर हे योजन साडेचौदा किलोमीटरच्या वर जाते आणि पृथ्वीचा घेर ७२,००० किलोमीटरच्या पुढे निघतो. खरा घेर ४०,००० च्या आसपास आहे. म्हणजे ग्रंथातले खगोलाचे योजन आणि दीड फुटी हाताचे योजन जुळत नाहीत. अशा वेळी गणित जाणणारा गुणोत्तर पाहतो. भास्कराचार्यांनी दिलेला पृथ्वीचा व्यास १,५८१ योजने. चंद्राचे अंतर त्याने भागा, साडेबत्तीस व्यास येतात. आज आपण मोजतो ते तीस व्यासांहून किंचित जास्त. योजन कितीही लांब धरा, हे उत्तर बदलत नाही. सूर्याच्या बाबतीत मात्र त्यांनी दिलेले अंतर फार कमी पडले, हेही याच भागाकाराने उघड होते. आलेला आकडा ताडून कसा पाहायचा, हे शिकवले असतेत तर तुमच्याच पानावरची चूक मुलांनी तुम्हाला दाखवली असती.

आणि पाठांतराऐवजी द्यायला काय कमी आहे? ब्रिटिशांच्या काळातली जमीन मोजायची एक साखळी ६६ फुटांची, १०० कड्यांची, एक कडी ७.९२ इंच. अशा ८० साखळ्यांचा एक मैल, म्हणजे ६३,३६० इंच. एका प्रकाशवर्षात खगोलीय एकके किती, तर ६३,२४१. निव्वळ योगायोग आहे, पण काय कामाचा आहे! सूर्य आणि पृथ्वी यांच्यातले अंतर कागदावर एक इंच काढा. नेपच्यून अडीच फुटांवर येतो. १९७७ साली निघालेले व्हॉयेजर-१ यान अजून चौदा-साडेचौदा फुटांपर्यंतच गेले आहे. आणि प्रॉक्झिमा? शिंदखेडा स्टेशनवरून रुळांच्या कडेने चालायला लागा, ६.८ किलोमीटर चालावे लागेल. मधे एकही तारा नाही. हे एकदा चाललेला मुलगा प्रकाशवर्षाला काल म्हणणार नाही.

पार्सेक या एककाचेही तेच. '३.२६ प्रकाशवर्षे' एवढे तुम्ही बरोबर छापलेत, पण ते येते कुठून? वर्तुळाचे कोनाच्या १२,९६,००० सेकंदांत, म्हणजे विकलांत, भाग करा, त्याला दोन पायने भागा, २,०६,२६५ येतात. एवढ्या खगोलीय एककांवरून सूर्य-पृथ्वीमधले अंतर बरोबर एक विकला दिसते. आता त्याला ६३,२४१ ने भागा. झाले ३.२६. दोन भागाकारांची जागा तुमच्या पानावर नव्हती, शिष्यवृत्तीच्या जाहिरातीला अर्धे पान होते.

आमच्याकडे बांधाची मोजणी एका कडीने चुकली तर भाऊबंद धुळ्याच्या कोर्टात वर्षानुवर्षे चकरा मारतात. १९९९ साली नासाचे एक मंगळयान एककांच्या घोटाळ्याने गेले: एका गटाने पौंड-बलाच्या एककात आकडे दिले, दुसऱ्याने ते न्यूटनच्या एककातले समजून वापरले. तुमच्या चुकीने यान पडणार नाही. एका गुणाने तलाठ्याची यादी हुकलेली पोर घरी परत येईल आणि चूक आपलीच होती असे समजेल. माझा राग तिच्यासाठी आहे.

तेव्हा मागणी सरळ आहे. दुकानात शिल्लक असलेल्या प्रत्येक प्रतीत शुद्धिपत्र चिकटवा. बारावा घात, आठवा घात दहाच्या डोक्यावर बसवा आणि उत्तरसूचीतला 'काल' खोडून 'अंतर' लिहा. विकल्या गेलेल्या प्रतींसाठी तेच शुद्धिपत्र अभ्यासिकांच्या फलकांवर लावा, शिंदखेड्यात लावायचे काम मी करतो. आणि पुढच्या आवृत्तीत मुखपृष्ठावर तुमचे नाव, पत्ता आणि फोन नंबर छापा.

आपला,
शिंदखेड्यातील एक विज्ञान शिक्षक