जाऊन आलेले अप्पा

प्रत्येक सोसायटीत एक 'जाऊन आलेला' माणूस असतो. कुठे जाऊन आला याला महत्त्व नाही. कोणी काशीला, कोणी दुबईला, कोणी नुसता मंत्रालयाच्या सहाव्या मजल्यावर. महत्त्व याला की तो एकदाच गेलेला असतो. आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत हे पद अप्पांकडे आहे आणि त्यांचं खातं अंदमान.

२०१४च्या डिसेंबरात अप्पा आणि काकू एका सहल कंपनीबरोबर सहा दिवस अंदमानला जाऊन आले. बँकेतल्या पस्तीस वर्षांच्या नोकरीबद्दल अप्पा पाच मिनिटांवर बोलू शकत नाहीत, पण त्या सहा दिवसांवर त्यांचं अजून चाललंय. सोसायटीत कोणी अंदमानची तिकिटं काढली की बातमी लिफ्टमधून वर जाते आणि संध्याकाळी चहाच्या वेळेला अप्पा दारात हजर होतात.

"जाताय म्हणे? बसा."

हे 'बसा' ते आपल्याला आपल्याच घरात म्हणतात.

पहिला प्रश्न ठरलेला : विमान की जहाज? आपण तिकिटं काढून मोकळे झालेलो असतो, तरी हा प्रश्न चुकत नाही. चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणम इथून प्रवासी जहाजं सुटतात, तीनेक दिवस लागतात, बंकचं तिकीट स्वस्त, केबिनचं महाग, आणि पहिल्या रात्रीनंतर जेवणाचा विषय काढायचा नाही, हे सगळं अप्पा तोंडपाठ सांगतात. चेन्नईहून विमानाला लागणारे जेमतेम सव्वादोन तास त्यांच्या हिशेबी प्रवासच नव्हे. "विमानानं माणूस नुसता पोचतो. जहाजानं गेलं तर आपण मुख्य भूमीपासून किती लांब आलोय ते कळतं."

"तुम्ही कशानं गेला होतात अप्पा?"

"विमानानं. पण शेजारच्या सीटवरचे गृहस्थ आदल्या खेपेला जहाजानं गेले होते. आमच्या हिला बोट लागते, म्हणून आम्ही तो विषय सोडला."

"मला नाही," मागून काकू. "यांना."

अप्पांचा खरा प्रांत म्हणजे पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक बेट ही बोट. दीड-दोन तासांचा प्रवास, पण त्यावर ते तेवढाच वेळ बोलतात. खासगी बोटी बंदिस्त असतात, एसी दणदणीत, काच उघडत नाही, डेकवर उभं राहायची सोय बहुधा नसते. समुद्रातून जाऊन समुद्राचा वारा लागत नाही. सरकारी बोट स्वस्त आणि संथ, तिला उघडा डेक असतो, पण ती मुळात बेटावरच्या लोकांसाठी. बाजारहाट, दवाखाना, कॉलेज, सगळं त्यांना त्या बोटीवर अवलंबून करावं लागतं, त्यामुळे पर्यटकानं तिकिटासाठी रुसायचं नाही. हा भाग अप्पा फार समजुतीनं सांगतात. पुढे मात्र सूचना सुरू होतात.

"बोटीत मधोमध बसायचं. तिथे हेलकावा कमी. खिडकी घ्यायची नाही. गोळी अर्धा तास आधी. आवळासुपारी खिशात, पिशवीत नाही, खिशात. आणि नजर क्षितिजावर ठेवायची."

खिडकी घ्यायची नाही तर क्षितिज कुठून आणायचं, असं एकदा कोणीतरी विचारलं. अप्पा शांतपणे म्हणाले, "बोटीत बसलात की कळेल." हे त्यांचं ब्रह्मास्त्र आहे. ज्या प्रश्नाला उत्तर नाही, तो तिथे गेल्यावर कळतो.

सूर्याचा मुद्दा ते खास शेवटच्या कपासाठी राखून ठेवतात. देशाचं घड्याळ मिर्झापूरजवळच्या साडेब्याऐंशी रेखांशावर लावलेलं आणि अंदमान त्याच्याही पूर्वेला दहा अंश. म्हणजे घड्याळ उत्तर प्रदेशचं, सूर्य अंदमानचा. डिसेंबरात साडेपाचच्या आत अंधार. "तुम्ही दुपारी झोपलात की दिवस गेला. चारला उठून चहा मागाल, तोवर समुद्रावरचे लोक पंचे झटकत परत निघालेले." राधानगरच्या किनाऱ्याला, म्हणजे स्थानिकांच्या 'सात नंबर'ला, २००४ साली 'टाइम' मासिकानं आशियातला सर्वोत्तम किनारा म्हटलं होतं. अप्पांनी २०१४ साली ते मान्य केलं.

त्यांच्या दिवाणखान्यात शोकेसमध्ये एक शंख आहे आणि शंखाशेजारी चौकटीत घातलेली त्याची पावती. किनाऱ्यावरचे शंख, प्रवाळ उचलायला बंदी आहे, विमानतळावर सामान तपासतात, म्हणून दुकानातून घेतलेल्या शंखाची पावती जपायची. विमानतळावर पावती कोणी मागितली नाही, ही खंत अप्पांना अजून आहे. आता ते पाहुण्यांना ती न मागता दाखवतात.

पण शंखापेक्षा मोठा पुरावा त्यांच्या पाकिटात असतो : वीस रुपयांची जुनी लाल नोट, प्लास्टिकमध्ये लॅमिनेट केलेली. कडा पिवळ्या पडल्यात, एका कोपऱ्यात हवेचा बुडबुडा अडकलाय. त्या नोटेच्या मागे माड, पाणी आणि पलीकडे टेकडी असं चित्र आहे. ते नॉर्थ बेचं दृश्य, माउंट हॅरिएटवरून दिसणारं. "हे मी या डोळ्यांनी पाहिलंय," अप्पा नोटेवर बोट ठेवून म्हणतात, "इथे उभा होतो." बोट नेमकं हवेच्या बुडबुड्यावर असतं.

सेल्युलर जेलचा विषय निघाला की मात्र त्यांचा आवाज उतरतो. चाकाच्या आऱ्यांसारख्या सात इमारती होत्या, तीन उरल्या, सातशेच्या आसपास कोठड्या, एकाची पाठ दुसऱ्याच्या तोंडाकडे, म्हणजे कैद्याला कैदी दिसू नये, एवढंच सांगतात. तिसऱ्या मजल्यावरची सावरकरांची कोठडी, तिथे रांगेत ऐकू येणारं मराठी, काळोख पडल्यावर पिंपळाच्या तोंडून सगळा इतिहास सांगणारा ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम, यावर ते सल्ला देत नाहीत. काकूंची साक्ष आहे : "सहा दिवसांत तेवढाच वेळ गप्प होते."

अडचण अंदमाननं केली. ते बदलत गेलं. २०१८च्या डिसेंबरात हॅवलॉकचं स्वराज द्वीप झालं, नीलचं शहीद द्वीप. २०१९ साली वीसची नवी नोट आली, तिच्यावर अंदमान नाही, वेरूळ. २०२१ साली माउंट हॅरिएटचा माउंट मणिपूर झाला. २०२३ साली विमानतळाची शिंपल्याच्या आकाराची नवी इमारत उघडली आणि २०२४च्या सप्टेंबरात खुद्द पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम झालं. तिसऱ्या मजल्यावरचं नवं जोडपं हनिमूनला निघालं तेव्हा त्या मुलीनं मोबाइलवर बघून हे सगळं अप्पांना एकामागून एक ऐकवलं. अप्पा ढळले नाहीत.

"नावं बदलली. समुद्र तोच ना?"

"आणि काका, फोन लागतो तिकडे आता."

"बीएसएनएलचं सिम घ्या. बाकी काही चालत नाही."

"आता चालतं. चेन्नईपासून समुद्राखालून केबल टाकलीय, तेवीसशे किलोमीटर. २०२० सालीच सुरू झाली."

अप्पांनी क्षणभर विचार केला. "समुद्राखालून ना? मग भरतीला रेंज जात असणार."

नोटेवरच्या वेरूळबद्दल विचारलं तर म्हणाले, "वेरूळला काय, आपण कधीही जाऊ." ते अजून गेलेले नाहीत.

गेल्या वर्षी अप्पांना पंचाहत्तर पूर्ण झाली. मुलानं बंगळुरूहून भेट पाठवली : दोघांची अंदमानची तिकिटं, हॉटेल, बोट, सगळं ठरवून. सोसायटीला वाटलं, अप्पा आता गच्चीवरूनच उडणार. अप्पांचा चेहरा मात्र कर्जाचा हप्ता थकल्याची नोटीस आल्यासारखा झाला. आधी गुडघा दुखायला लागला. मग बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा निर्माण होणार होता, तो काही झाला नाही. मग सोसायटीची वार्षिक सभा आली आणि टाकीच्या गळतीचा ठराव अप्पांशिवाय मांडणार कोण? शेवटी मुलाला फोनवर म्हणाले, "अरे, मी पाहिलंय सगळं. पुन्हा काय बघायचंय? माझं तिकीट रद्द कर."

मुलानं रद्द केलं. काकूंनी मात्र आपलं ठेवलं. धाकट्या बहिणीला बरोबर घेतलं, पिशवीत भाजणी टाकली आणि गेल्या. आठ दिवस अप्पांनी जिन्यावर भेटेल त्याला काकू आता कुठल्या धक्क्यावर असतील ते सांगितलं. काकूंचा फोन रोज येत होता, रेंज उत्तम होती, भरतीलासुद्धा.

काकू आल्या, रापून, खुशीत. पुढच्याच आठवड्यात बी विंगमधले एक गृहस्थ कुटुंबासह निघणार म्हणून आले. अप्पा अंघोळीला गेले होते, म्हणून प्रश्न काकूंना गेला : हॅवलॉकच्या बोटीला किती वेळ लागतो?

काकू विचारात पडल्या. "काय सांगू? जाताना दीड तास लागला, येताना वारा होता, अडीच लागले. गेल्या खेपेला बोट वेगळीच होती."

"प्रवाळ दिसतात ना स्वच्छ?"

"तेव्हा दिसले होते. या वेळी पाणी गढूळ होतं, एक दिवस काहीच नाही, दुसऱ्या दिवशी मासे नुसते पायात. त्या त्या दिवसावर आहे हो सगळं."

"बोटीत बसायचं कुठे?"

"मी या वेळी खिडकीत बसले. काही झालं नाही. बहिणीला मधोमध बसवलं, तर तिला लागली. आता तुम्हाला काय होईल ते मी कसं सांगू?"

गृहस्थ गोंधळून उठायच्या बेतात होते, तेवढ्यात अप्पा टॉवेलनं डोकं पुसत बाहेर आले. त्यांनी शेवटची दोन वाक्यं ऐकली होती. गेल्या महिन्याभरात प्रथमच त्यांचा गुडघा अजिबात दुखत नव्हता.

"तिला काय विचारताय?" अप्पा म्हणाले. "ती दोनदा जाऊन आलीये, तिचा गोंधळ झालाय. मला विचारा."