दोन तारा कमी

(नोव्हेंबरची 29 तारीख. खालचा रस्ता खणताना कुणाच्या तरी कुदळीने फायबर तोडलेलं. टेबलावर जुना कंप्युटर, त्याला वायरीने बांधलेला आजोबांचा मोबाईल. आजोबा टेलिफोन खात्यातून निवृत्त. नातू लिनक्सपंथी, म्हणजे घरात कुणी विंडोजचं नाव काढलं की उपास मोडल्यासारखा चेहरा करणारा.)

आजोबा : झालं का रे?

नातू : दोन मिनिटं, आबा.

आजोबा : तुझी दोन मिनिटं सव्वादहाला सुरू झाली. आत पोळ्या होत आल्या.

नातू : या कंप्युटरला वायफाय नाही ना, म्हणून तुमचा मोबाईल मोडेम करतोय. त्याचं नेट वायरीतून इकडे येणार. सोपं असतं.

आजोबा : सोपं आहे म्हणून एवढा वेळ होय! मला फक्त सरकारला कळवायचंय की मी जिवंत आहे. तेही उद्यापर्यंत. पुढे जिवंत राहिलो तरी पेन्शन अडकायची.

नातू : हयातीचा दाखला मोठ्या पडद्यावर नीट भरता येतो. मोबाईलवर कसली कामं करायची?

आजोबा : ते मोबाईलवरचं टेदरिंगचं बटण राखाडी दिसतंय. दाबलं तरी दबत नाही.

नातू : असू दे ते. डीमेसगमधल्या नोंदी बघतोय, लिनक्सचा कर्नल एक अक्षर बोलायला तयार नाही. मॉडप्रोब, आरएनडीआयएस होस्ट... लोड झालं. तरी नाही! म्हणजे कर्नलच जुना. नवीन कंपाइल करावा लागणार.

आजोबा : किती वेळ?

नातू : या डबड्यावर? संध्याकाळ होईल. शिवाय आधी सोर्स उतरवून घ्यायला नेट लागेल.

आजोबा : म्हणजे नेट यायला नेट पाहिजे.

नातू : ...हो.

आजोबा : आमच्याकडे असंच होतं. फोन बंद पडला की तक्रार फोनवरूनच करायची, 198 ला. ही वायर कुठली?

नातू : ड्रॉवरमधली.

आजोबा : ड्रॉवरमध्ये वायरी जन्माला येत नाहीत.

नातू : तुमच्या दाढीच्या मशीनची असेल. चार्जिंग होतंय की मोबाईल! वायर चांगली आहे.

(आजोबा वायर काढून घेतात, अंगठा आणि तर्जनीत धरून वातीसारखी फिरवतात. नेलकटर काढतात.)

नातू : आबा, कापू नका!

आजोबा : माझ्या मशीनची आहे. (वरचं आवरण सोलतात.) लाल. काळी. बस्स. हिरवी आणि पांढरी कुठाय?

नातू : ...डेटाच्या तारा.

आजोबा : नाहीतच. लालकाळीतून नुसता करंट जातो. हे म्हणजे माणसाला जेवायला घालायचं आणि बोलू द्यायचं नाही. आमच्या टेलिफोनला दोनच तारा, पण एक्सचेंजचे 48 व्होल्टही त्यातूनच आणि गप्पाही त्यातूनच. तुमच्यात चार लागतात, त्यातल्या दोन कंपनीने वाचवल्या, आणि तू निघालास कर्नल बांधायला.

(नातू खाली मान घालून मोबाईलच्या खोक्यातली मूळ वायर आणतो. राखाडी बटण जागं होतं.)

नातू : आलं! यूएसबी झीरो! ...आता ईएनपी झीरो एस ट्वेंटी एफ झीरो यू वन झालं.

आजोबा : घरात पाऊल टाकल्या टाकल्या नाव बदललं? नवी सून आहे का ती?

नातू : वायर कुठल्या पोर्टाला लावलीय, त्यावरून नाव पडतं.

आजोबा : मग सातारकर, नाशिककर म्हण की. आणि मघाशी ते आरएन काय म्हणालास?

नातू : (आवाज खाली आणत) मायक्रोसॉफ्टचा प्रोटोकॉल आहे. तुमच्या अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सचाच कर्नल. हा कंप्युटरही लिनक्स. पण एकमेकांशी बोलतात ते मायक्रोसॉफ्टच्या भाषेत. नवे फोन एनसीएम बोलायला लागलेत, तुमचा जुना आहे.

आजोबा : दादरला दोन मराठी माणसं गाडीत चढतात आणि एकमेकांना “भाईसाब, जरा सरको” म्हणतात, त्यातलीच गत. आणि इथे पडद्यावर काय लिहिलंय? वायर्ड कनेक्शन 1? नेट टॉवरवरून हवेतून आलं, मोबाईल ते हवेतूनच झेलतोय, आणि नाव वायर्ड?

नातू : कंप्युटरला शेवटची दीड हात वायरच दिसते, आबा.

आजोबा : खरंय. 1995 च्या 15 ऑगस्टला विदेश संचार निगमने इंटरनेट दिलं, नंतर घरोघरी मोडेम आले. तेव्हा लोकांनी एक्स्टेन्शनचा रिसीव्हर उचलला की घाबरून म्हणायचे, साहेब, लाइनीत कुणीतरी किंचाळतंय! निदान कळायचं तरी, की यंत्र काहीतरी करतंय. तुझं हे तासभर गप्प.

नातू : उघडली साइट! हयातीचा दाखला... सॉफ्टवेअर उतरवा... (थांबतो.)

आजोबा : काय झालं?

नातू : दोनच पर्याय आहेत.

आजोबा : वाच.

नातू : विंडोज. (मोठा श्वास.) आणि अँड्रॉइड.

आजोबा : अँड्रॉइड म्हणजे हा मोबाईलच ना?

नातू : हो.

आजोबा : काढ ती वायर.

(नातू वायर काढतो. कंप्युटरच्या कोपऱ्यात चौकट उगवते : वायर्ड कनेक्शन तुटले. आजोबा खिडकीच्या उजेडात बसून मोबाईल तोंडासमोर धरतात.)

नातू : चेहरा गोलात आणा. चष्मा काढा. आता पापण्यांची उघडझाप करा म्हणतंय.

आजोबा : तासभर तेच करतोय.

नातू : झालं! प्रमाणपत्राचा नंबर आला. तुम्ही हयात आहात, आबा.

आजोबा : लिहून ठेव तो. त्यात नको, कागदावर लिही. आणि आत सांग, पानं घ्या म्हणावं.