चाकं चहूदिशांची

नांदेड-लातूरच्या अभियांत्रिकी पोरांचा सध्याचा घोर: स्पर्धेच्या रोबोटला चाकं कोणती? ओम्नी चाकाच्या कडेवरचे छोटे रोलर चाकाच्या आसाशी ९० अंशांत, स्वीडनच्या बेंग्ट इलॉनच्या मेकॅनम चाकाचे ४५ अंशांत. मेकॅनम चार लागतात. ओम्नी तीनच, १२०-१२० अंशांवर बसवली, की यंत्र तोंड न फिरवता वाट्टेल तिकडे सरकतं. (आमच्या पुढाऱ्यांना हे बिनरोलरचं जमतं.) पण ओम्नी आडव्या धक्क्याला टिकत नाही, अन् आपली धूळ रोलरमध्ये शिरली की तिथंच ठाण मांडते.

खरी पंचाईत पुढंच आहे. ‘लातूर पॅटर्न’मध्ये बारावीपर्यंत नाकासमोर पळवलेल्या पोराच्या हाती रिमोट देऊन आपण विचारतो, ‘बोल, कुठं जायचं?’

पोरगं म्हणतं, ‘थांबा सर, पप्पांना विचारून सांगतो.’