जग वाचवा, पण चालीत

जग वाचवायची गाणी थंडगार खोलीत रेकॉर्ड होतात आणि सोलापुरात एप्रिलमध्ये ऐकली जातात, इथंच निम्मा घोटाळा होतो. गायक डोळे मिटून सांगतो की पृथ्वी तापत चालली आहे. आमच्याकडे पारा केव्हाच चाळिशी ओलांडून गेलेला असतो. ऐकणारा घाम पुसत म्हणतो, "बरोबर आहे ओ, पण ह्यांना आज कळालं होय?"

या प्रकारातला एक गाजलेला मेळावा 28 जानेवारी 1985 च्या रात्री लॉस एंजेलिसला भरला. इथिओपियाच्या दुष्काळग्रस्तांसाठी मायकेल जॅक्सन आणि लायोनेल रिची यांनी लिहिलेलं 'वुई आर द वर्ल्ड' गायला चाळीसहून जास्त नामवंत जमले होते. क्विन्सी जोन्सनं दारावर पाटी लावली होती म्हणे: अहंकार बाहेर ठेवून आत या. मला त्या गाण्यापेक्षा ही पाटी जास्त आवडते. आपल्याकडे ती पक्षाच्या बैठकीपासून लग्नाच्या मांडवापर्यंत कुठंही चालेल. फक्त बाहेरच्या ढिगाऱ्याजवळ एक माणूस बसवावा लागेल, नाहीतर जाताना लोक दुसऱ्याचा मोठा घालून जातील. गाण्यानं कोट्यवधी डॉलर जमवले, हे खरंच. ऐकणाऱ्याला मात्र कामं दोनच होती, कॅसेट घेणं आणि गहिवरणं.

आपण विश्वाची काळजी 1290 सालीच ओवीत बसवून ठेवली आहे. ज्ञानेश्वरांनी पसायदानात स्वतःपुरतं काही मागितलं नाही. आता पसायदान कार्यक्रमाच्या शेवटी म्हणतात, त्यामुळे अखिल विश्वाचं कल्याण चालू असताना निम्मी सभा खिशात गाडीची किल्ली चाचपत असते.

किल्ली चाचपू न देणारा गायक आमच्या जिल्ह्यात होऊन गेला. अमर शेख, जन्म 1916, गाव बार्शी. ओव्या आईच्या, मुनेरबींच्या, तोंडून ऐकलेल्या, पुढं गिरणीची नोकरी, आणि आवाज असा की लाउडस्पीकरनं संकोचावं. 1944 मध्ये ते, अण्णाभाऊ साठे आणि शाहीर गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. अण्णाभाऊंनी तर स्टालिनग्राडवर पोवाडा रचला होता. व्होल्गेकाठची लढाई, डफ मराठी, श्रोता गिरणीच्या भोंग्यावर उठणारा! ते गाव कुठल्या तालुक्यात येतं, असं कुणी विचारल्याचं ऐकिवात नाही. एवढं लांबचं जग गळ्यात पेलायला छाती लागते, आणि ऐकायलाही.

त्याच बार्शी तालुक्यातलं सुर्डी हे गाव 2019 साली पानी फाउंडेशनच्या वॉटर कप या जलसंधारणाच्या स्पर्धेत राज्यात पहिलं आलं. या स्पर्धेचं अजय-अतुल यांनी केलेलं 'तुफान आलंया' हे गाणं बसून ऐकायचं नाहीच. त्याची चाल टिकावाची आहे. एप्रिल-मेच्या उन्हात गावंच्या गावं समतल चर खणायला माळावर उतरली, ती काही पृथ्वीच्या प्रेमानं नव्हे. पृथ्वी फार मोठी. तिच्याकडं कोण बघतो? आपला शिवार, आपली विहीर, आणि जग म्हणजे फार तर शेजारचं गाव. त्याला वाचवायचं नसतं, हरवायचं असतं! ही ईर्ष्या मला विश्वबंधुत्वापेक्षा भरवशाची वाटते. घमेली भराभर पुढं सरकतात.

अर्थात गाणं एकदा लोकांचं झालं की ते कुठंही जातं. हे वरातीतही शिरलं. एका वरातीत पाहिलं, घामानं निथळणारी मंडळी दोन्ही हात एकदम वर नेऊन खाली आणत नाचत होती, हुबेहूब टिकाव मारल्यासारखी. बँडवाला दम खायला थांबला, तर डोक्याला टॉवेल गुंडाळलेले एक काका त्याच्या अंगावर धावून गेले, "थांबलास कशाला बे? आमचा चर अजून अर्धाच झालाय की!"