हयात आजोबा

नोव्हेंबर उजाडला की बँकेत पेन्शनर आजोबा अवतरतात. आपण अजून आहोत हे सरकारला वर्षातून एकदा कळवायचे असते, आणि हयातीच्या दाखल्याचे हे काम ते इतक्या सावकाश करतात की मागच्या रांगेला स्वतःच्याच हयातीची शंका येऊ लागते. आधी कापडी पिशवीतून प्लॅस्टिकची पिशवी निघते, तिच्यातून रबरबँड लावलेले पासबुक, मग चष्म्याचे घर. लांबचा चष्मा उतरतो, जवळचा चढतो. रबरबँड मनगटात जातो, कारण तो परत लागणार असतो. सहीपूर्वी पेन कागदाच्या वर हवेतच दोनदा गिरक्या घेते. "आजोबा, जरा लवकर," असे कोणी म्हणालेच तर ते मागे वळतात आणि "तू कुणाचा रे?" म्हणून विचारतात.

या संथपणाला आपण म्हातारपण म्हणतो. मला तो बराचसा हिशेब वाटतो. त्याच काउंटरवरचा घाईतला तिशीचा गृहस्थ पाहा. तो तारीख चुकवतो, स्लिप फाडतो, दुसरी भरतो आणि आधारच्या झेरॉक्ससाठी बाहेर पळतो. पेन त्याला आजोबांच्याच खिशातून मिळालेले असते. टोपण मात्र आजोबांनी स्वतःच्या हातात ठेवलेले असते. झेरॉक्सच्या दोन प्रती त्यांच्या पिशवीत कायमच जास्तीच्या असतात. एका खेपेत काम उरकणारा संथ आणि तीन खेपा घालणारा चपळ, हा न्याय फक्त पायांकडे बघून केलेला आहे. (मंडईत भेंडीचे टोक मोडून बघणाऱ्याला चिकट म्हणणारे लोक घरी जून भेंडी मुकाट्याने चावत असतात, ते वेगळेच.)

आता कोणी म्हणेल, गुडघे गेले, दिसेनासे झाले, त्यात कौतुक कसले? गुडघ्यांचा वाटा आहेच, पण गुडघे दुखतात म्हणून कोणी रबरबँड जपत नाही. शिवाय २०१४ पासून 'जीवन प्रमाण'ची डिजिटल सोय आहे, आता तर मोबाइलला चेहरा दाखवला तरी भागते. मग रांग कशाला अडवायची? सोय चांगलीच आहे, अंथरुणाला खिळलेल्यांना तर वरदानच. मात्र मोबाइलला एवढेच समजते की हे गृहस्थ आहेत. मागच्या वर्षी रांगेत पुढे उभे होते ते यंदा का दिसत नाहीत, हे बँकेतच कळते, आणि त्या चौकशीला पाच मिनिटे लागतातच. उरला नेहमीचा टोमणा : यांच्याकडे काय, वेळच वेळ! गणित मांडले तर त्या रांगेत सर्वांत कमी वेळ शिल्लक असतो तो आजोबांकडेच. केंद्र सरकारलाही हे उमगले असावे. ८० वर्षे आणि त्यापुढच्या पेन्शनरांना ते १ ऑक्टोबरपासूनच दाखला देऊ देते.

काम संपते. पोचपावती दोनदा वाचून घडी होते, रबरबँड पासबुकावर परत चढतो, आणि आजोबा हातात टोपण धरून दाराकडे बघत उभे राहतात. पेन अजून झेरॉक्सच्या दुकानातच असते.