आत एक, बाहेर एक

वणी तालुक्यातील आमचे राजूर हे गाव एका अंगाने काळे आणि दुसऱ्या अंगाने पांढरे आहे. काळेपण कोळशाच्या खाणीचे, पांढरेपण चुन्याच्या भट्ट्यांचे. आणि सकाळी वाळत घातलेले धोतर सायंकाळी कोणता वर्ण धारण करून घरात येईल, हे सर्वस्वी त्या दिवशीच्या वाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते. अशा गावात माणसांचे जे नाना नमुने निपजतात, त्यांत सेवेतून निवृत्त झालेला, परंतु मनाने अद्याप पाळीवरून न परतलेला खाणीतला माणूस हा एक खास नमुना आहे. आमचे सरदारकाका हे त्या जातीचे मुकुटमणी.

परगावच्या वाचकांचा गैरसमज होऊ नये म्हणून सांगतो, की काका शीख नाहीत, आणि त्यांच्या घराण्याला कोणी जहागीरही बहाल केलेली नव्हती. 'मायनिंग सरदार' हा खाणकायद्याने निर्माण केलेला हुद्दा असून त्याची सनद परीक्षा देऊन मिळवावी लागते. पाळी आत उतरण्यापूर्वी कामाची जागा तपासावी, काठीने छत ठोकून पाहावे, 'ठण्ण' वाजले तर दगड शाबूत आणि 'भद्द' वाजले तर तो सुटलेला असे समजून बंदोबस्त करावा, आणि मग हे सारे वहीत लिहून खाली सही ठोकावी, असा त्या हुद्द्याचा धर्म. कोळसाखाणींचे राष्ट्रीयीकरण 1973 साली झाले. त्यानंतर पाच वर्षांनी काका खाणीत रुजू झाले आणि पुढली अडतीस वर्षे छत ठोकीत राहिले. परिणामी आजही कोणाच्या लग्नात गेले, तर नवरामुलगा पाहण्याआधी ते मांडवाचे खांब पाहतात. आणि सहलीची बस सुटताना व परतताना, कोणी सांगितलेले नसताही, माणसे मोजतात. आत गेले किती आणि बाहेर आले किती, हा हिशेब जुळल्यावाचून त्यांच्या घशाखाली घास उतरत नाही.

अशा गृहस्थाच्या घरात गेल्या वर्षी नात जन्मली, आणि तिच्या उष्टावणाचा प्रश्न यथाकाल उपस्थित झाला. गृह्यसूत्रांनी अन्नप्राशन सहाव्या महिन्यात सांगितले आहे. परंतु मुलीचे उष्टावण विषम महिन्यात करावे या रूढीला धरून काकूंनी पाचवा मुक्रर केला. सूनबाई वणीच्या एका शाळेत शिक्षिका. तिने डॉक्टरांचा दाखला देऊन, सहा महिने पूर्ण होईपर्यंत आईच्या दुधाखेरीज काही द्यावयाचे नाही, असे निक्षून सांगितले. तकरार विकोपास जाणार, तोच काकांनी पंचांग न उघडता निवाडा दिला, की सहा महिने पूर्ण म्हणजे सातवा चालू, आणि सात हा आकडा विषम आहे. शास्त्र, रूढी आणि वैद्यक यांचा इतका स्वस्तात झालेला तह मी अन्यत्र पाहिलेला नाही.

तह झाला तो खिरीपुरता. सूनबाईने पुढे बाळासाठी उंच खुर्ची हवी असा ठराव मांडला, तेव्हा काकू उसळल्या. "माह्यी पाच लेकरं मांडीवर जेवली. माह्या मांडीले कोनता पट्टा होता?"

"थोरला दोनदा घरंगळला होता," काका शांतपणे म्हणाले. "तारखा सांगू?"

त्या क्षणी खुर्चीचा विषय सूनबाईच्या हातून निसटून काकांच्या खात्यात वर्ग झाला.

वणीच्या एका दुकानात खुर्ची पाहावयास गेले, तेव्हा शेजारधर्म म्हणून मीही बरोबर होतो. काकांच्या एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात दहा किलो कणकेची पिशवी पाहून, हे कणीक परत करावयास आले आहेत, अशी दुकानातल्या पोराची समजूत झाली. काकांनी पिशवी पहिल्या खुर्चीत बसविली, पट्टा आवळला आणि खुर्ची बाजूला ओढली. ती पिशवीसह कलंडली. "पाय आखूड नाहीत, जवळजवळ आहेत," त्यांनी शेरा दिला. "बूड रुंद पाहिजे. लेकरू सरळ बसत नसते. पडलेला चमचा पाहायला ते अर्धे बाहेर लोंबते." दुसऱ्या खुर्चीला पट्टा होता, परंतु तो केवळ कमरेचा. येथे काकांनी जे सांगितले ते मला ठाऊक नव्हते, आणि पुष्कळ आईबापांनाही नसावे. पुढ्यातली थाळी म्हणजे काही बंधन नव्हे. तिच्या भरवशावर बसविलेले मूल हळूहळू खाली सरकते, धड थाळीखालून निसटते आणि मान तेवढी वर अडकते. म्हणून दोन खांद्यांवरून, दोन कमरेवरून आणि एक मांड्यांमधून, असा पाचपदरी पट्टा असावा. त्यातला मांड्यांमधला नसेल, तर उरलेले चार शोभेचे. तिसऱ्या खुर्चीला चाके होती, आणि चाकांना अडसर नव्हता. तिच्याकडे त्यांनी उतारावर सुटलेल्या कोळशाच्या डब्याकडे पाहावे तसे पाहिले. चौथी घडीची होती. तिच्या बिजागरीत त्यांनी स्वतःची करंगळी घालून पाहिली, आणि करंगळीनेच निकाल दिला.

अखेर त्यांनी काठीने पाचवीची बैठक ठोकली आणि कान लावून उभे राहिले. दुकानातल्या पोराचा धीर सुटला. "काका, याच्यात लेकरू बसवाचं हाय का कोयसा भराचा हाय?"

"लेकरू," काका म्हणाले, "म्हणून तर एवढेच पाहतो."

यानंतर गावातल्या वाढयाची, म्हणजे सुताराची, पाळी आली. प्लास्टिकवर काकांचा विश्वास नव्हता, आणि त्याला कारणही खाणीतलेच. लाकडी टेकूवर भार वाढला, की तो मोडण्याआधी करकरतो. माणसाला पळावयास दोन श्वासांची सवलत देतो. "लाकूड बोलते," हे काकांचे सूत्र. "हे प्लास्टिक मुक्याने तुटते." सूनबाईने उलट विचारले, की वरणभात, केळे आणि खिमट लाकडाच्या सांध्यांत शिरले म्हणजे ते लाकूड काय बोलेल? थाळी निघावी, पुसता यावी, गादीची खोळ धुता यावी. नाही तर महिनाभरात खुर्चीपाशी मुंग्यांची पाळी सुरू होईल. काका निरुत्तर झाले. वाढयाने सागवानाची जी खुर्ची करून आणली, ती मात्र खरोखर अभंग होती. इतकी, की दोघांवाचून हलेना, आणि तिच्यात बसलेले बाळ न्यायाधीशासारखे दिसे. ती आता तुळशीची कुंडी ठेवण्याच्या कामी रुजू आहे.

खरे पाहता बाळाच्या उंच खुर्चीचे मूळ जेवणाच्या टेबलात आहे. माणसे पाटावर बसत तोवर बाळाला उंच चढविण्याची गरजच पडली नाही. कॉलरीच्या क्वार्टरांत टेबल आले आणि बाळ आपोआप खालच्या मजल्यावर राहिले. नॉर्वेतील पीटर ऑप्सव्हिक याने 1972 साली 'ट्रिप ट्रॅप' नावाची जी लाकडी खुर्ची केली, तिच्यात बैठक आणि पाय टेकण्याची फळी दोन्ही मुलाच्या वाढीबरोबर खालीवर सरकवता येतात. ती मुलाला मोठ्यांच्या टेबलाशी बरोबरीने बसविण्यासाठीच योजलेली. सूनबाईने तिचे चित्र दाखविले तेव्हा पाय टेकण्याच्या फळीवर काका बेहद्द खूश झाले, कारण अधांतरी लोंबणाऱ्या पायांवर काम नीट होत नाही, हे त्यांना शिडीवरून ठाऊक होते. किंमत ऐकून मात्र त्यांनी चित्र आदरपूर्वक परत केले.

शेवटी जी खुर्ची मोबाइलवरून मागविली गेली, तीत सर्व पक्षांची सोय होती. बैठक धुता येण्याजोगी प्लास्टिकची, पाय लाकडाचे, रुंद फाकलेले आणि स्क्रू फिरवून काढता येणारे. पाय काढले, की तीच खुर्ची पाटाच्या उंचीची होते, आणि काकूंना शेजारी मांडी घालून भरविता येते. पट्टा पाचपदरी. काकांनी पाने काढून स्वतः स्क्रू आवळले, दर शनिवारी ते पुन्हा आवळण्याचा हुकूम काढला, आणि जमिनीवर खडूने एक चौकोन आखला. खुर्ची त्या हद्दीबाहेर जाता कामा नये. कारण टेबल किंवा भिंत पायांच्या टप्प्यात आली, तर मूल तिला रेटा देऊन स्वतःसह खुर्ची मागे उलथवते, आणि शेगडी हाताच्या टप्प्यात आली, तर काय होते ते सांगावयाचे नाही. बाळ खुर्चीत असता कोणीही जागा सोडावयाची नाही, हे कलम तर लाल शाईत. ते पाळण्यासाठी काका स्वतः समोर बसत, आणि त्यांचे स्वतःचे वरण रोज निवत असे.

याची वहीही निघाली. खाणीतल्या हजेरीपटाच्या धर्तीवर रकाने पाडलेले : तारीख, पाळी, पट्टा, आत, बाहेर, शेरा. 'सकाळपाळी. पट्टा ठीक. आत एक. बाहेर एक. शेरा : गाजर नामंजूर.' अशा नोंदी मी डोळ्यांनी पाहिल्या आहेत.

परवा दुपारी मी गेलो, तो काका दारात उभे, चर्या उतरलेली. दोन मिनिटे दूधवाल्याशी बोलावयास ते बाहेर आले होते, सूनबाईला समोर बसवून, रीतसर चार्ज देऊन. परत येऊन पाहतात, तो खुर्ची रिकामी, सूनबाई न्हाणीघरात, आणि वहीत 'आत एक' लिहिलेले. पुढचा रकाना कोरा. आम्ही दोघे माजघरात शिरलो. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या, मांडीवर नात गाढ झोपली होती, आणि तिच्या गालाला वाळलेला दूधभात होता. काकूंनी ओठांवर बोट ठेवले.

काका चवड्यांवर बाहेर आले. वही उघडली. 'बाहेर एक' लिहिले, घड्याळ पाहून वेळ घातली, सही केली. मग बराच वेळ टाक थांबला, आणि शेऱ्याच्या रकान्यात अक्षरे उमटली : 'मांडीवर. पट्टा नाही. हरकत नाही.'