सॉफ्टवेअरबरोबर फुकट आलेल्या सल्लागारांस



आपण पुण्याचे, म्हणून म्हैसूरहून हे पत्र मराठीत. इथल्या मेटगळ्ळीत रिझर्व्ह बँकेच्या नोटा छापल्या जातात. कागदावर छापले की त्याचे पैसे होतात, ही सोय या भागात तेवढ्या एकाच कारखान्याला आहे. जवळच्या एका लहान मशीन शॉपला आपण रंगीत आलेख छापून दिलेत; त्याचे पैसे झाले नाहीत, गेले.

चहाच्या सुट्टीला आपण ‘गळती’ म्हणालात, जमिनीवर पिवळ्या पट्ट्या मारून घेतल्यात, ते सोडून देऊ. अहवालातला निष्कर्ष मात्र सोडवत नाही: उत्पादन थांबण्याचे सर्वांत मोठे कारण, ‘ऑपरेटर जागेवर नाही’. मालकांनी तो कागद नोटीस बोर्डावर डकवला. ज्यांचे अर्धे आयुष्य लेथसमोर उभ्याने गेले, त्यांनी तो रांगेत वाचला.

झाले होते असे. मशीन थांबले की आपल्या सॉफ्टवेअरचा पडदा कारण विचारतो आणि यादीतले एखादे निवडल्याशिवाय पुढे सरकत नाही. त्या यादीत ‘वीज गेली’ हे कारणच नाही. यादी जिथे बनली तिथे वीज जात नसावी. मग वीज आल्यावर काम सुरू करायच्या घाईत जो तो यादीतले पहिलेच कारण दाबतो: ‘ऑपरेटर जागेवर नाही’. फोरमनने हे आपल्याला समजावून सांगितले. आपण म्हणालात, यादी बदलण्याचे मोड्यूल वेगळे घ्यावे लागेल.

लाज वाटायला हवी होती, साहेब.

1969 पर्यंत आयबीएमही यंत्राच्या भाड्यातच आपले तज्ज्ञ धाडत असे. त्या वर्षीच्या जूनमध्ये कंपनीने त्यांचे दर वेगळे करण्याचे जाहीर केले. निदान पगार कोणाच्या खिशातून येतो ते गिऱ्हाइकाला दिसू लागले. सॉफ्टवेअर कामाच्या रीतीशी जुळले नाही, तर मोठ्यांचेही चालत नाही: जर्मनीच्या लिडल या किराणा दुकानांच्या साखळीने सॅपच्या सॉफ्टवेअरवर सात वर्षे आणि सुमारे 50 कोटी युरो घालवून 2018 मध्ये तो नाद सोडला. लिडल मालाचा हिशेब खरेदीच्या भावाने ठेवी, सॉफ्टवेअर विक्रीच्या. गिऱ्हाईक एवढे मोठे असून त्याची ही गत; मेटगळ्ळीतल्या शॉपने कोणाकडे बघायचे?

मुंबईच्या गिरण्यांत 1928 साली दोनाऐवजी तीन माग सांभाळण्याची ‘कार्यक्षमता’ आली, तेव्हा एप्रिल ते ऑक्टोबर संप चालला. त्या मालकांचा स्वार्थ उघड तरी होता. आपण कामगाराची मिनिटे मोजता ती मालकासाठी की लायसन्स विकण्यासाठी, हे मालकालाही कळत नाही.

फोरमनने आणखी एक पाहिले. रात्री कँटीनमध्ये आपण स्वतःची टाइमशीट भरत बसला होतात, अर्ध्या-अर्ध्या तासाला एक कोड. फोरमनचे ऐकण्यात गेलेल्या वेळेला त्यात कोड नव्हता. तो वेळ आपण ‘विक्रीपूर्व चर्चा’मध्ये टाकलात. दुसरे करणार काय होतात? आपल्यालाही कोणी मोजतेच आहे.

पुढच्या बैठकीला नव्या मोड्यूलचे दरपत्रक आणणार आहात म्हणे. ते घेऊन आधी शॉपमध्ये या. बोर्डावरचा तो कागद आपल्या हाताने काढा, मग मालकांच्या केबिनमध्ये जा.

कळावे.